घरचं माप, जगाचं माप

मध्यंतरी शेजारचा एक मुलगा माझ्या शेडमध्ये आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी लेथच्या चकमध्ये पोलादाचा एक तुकडा धरून त्याच्यावर आटे काढत होतो. थोडा वेळ तो बघत उभा राहिला आणि मग म्हणाला, "आजोबा, टॅप करताय ना? फोनवरून मागवला तर परवा घरपोच येतो. दोन दिवस कशाला घालवताय?"

प्रश्न सरळ होता आणि त्याच्या वयाला शोभणारा होता. मी त्या वेळी हसून वेळ मारून नेली. पण त्याचं खरं उत्तर माझ्याजवळ आहे, आणि ते मला जरा महागात पडलेलं आहे. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी दोन-तीन शब्दांची ओळख करून देतो, म्हणजे कारखान्याशी संबंध नसलेल्या श्रोत्यांची अडचण होणार नाही. बाटलीचं झाकण आपण फिरवून बसवतो. त्याच्या आतून ज्या गोल गोल खाचा असतात, ते आटे. भोकाच्या आतून आटे पाडायचं हत्यार म्हणजे टॅप आणि सळईवर बाहेरून आटे पाडायचं हत्यार म्हणजे डाय. टॅप दिसायला बोल्टसारखाच असतो, फक्त त्याला उभ्या खाचा असतात आणि तो कडक पोलादाचा असतो. आणि टेपर म्हणजे निमुळतेपणा. गाजर जसं एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतं, तसा.

आमच्या भागात या गोष्टी काही परक्या नाहीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ माळरानाची जागा दिली. १९१० साली तिथे लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. इकडे साताऱ्याच्या बाजूला धनजीशा कूपर यांनी नांगर आणि पुढे डिझेल इंजिनं काढली. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधानही होते. या दोन कारखान्यांमुळे आमच्या दोन्ही जिल्ह्यांत लेथवर हात बसलेली माणसं गावोगाव तयार झाली. बापाकडून मुलाकडे जसं शेत येतं, तसा काही घरांत पान्हा आणि कानस आली. आमचं घर त्यांतलंच.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, किर्लोस्करवाडीला टर्नर होते. मी सांगलीला आयटीआय केलं, टर्नरचाच ट्रेड घेतला, आणि साताऱ्यात एका कारखान्यात चौतीस वर्षं काढली. २०११ साली निवृत्त झालो. मिळालेल्या पैशांतून घराची गच्ची करावी असं आमच्या हिचं मत होतं. मी बटाल्याच्या बनावटीचा एक जुना लेथ घेतला. साडेचार फुटी बेड, तीन-जबडी आणि चार-जबडी असे दोन चक, आटे काढायचे गिअर शाबूत. गच्ची पुढच्या वर्षी झाली. पण "तुमच्या त्या यंत्राच्या पुढच्या वर्षी" असं म्हणायची एक पद्धत घरात कायमची पडली.

आता मुख्य गोष्ट. अण्णा २००८ साली गेले. गावाकडच्या घराचं छप्पर उतरवायचं म्हणून २०१२ साली आम्ही माळ्यावरचं सामान काढलं. त्यात पत्र्याची एक पेटी होती. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेले टॅप, डाय, रीमर, असे पंचवीस-तीस नग. काही गंजलेले, काही बरे. मी एक-दोन उचलून पाहिले. दांड्यावर अण्णांनी पंचनं आकडे मारलेले होते, पण ते नेहमीच्या मापाशी जुळेनात. मला वाटलं, जुन्या काळचं काहीतरी आहे, हल्ली सगळं दुकानात मिळतं. भंगारवाला दारात उभाच होता. वजनावर घातली. पेटीसकट.

पुढे २०१६ च्या जानेवारीतली गोष्ट. माझ्या चुलतभावाच्या मुलाचा फोन आला. त्यांचं गुऱ्हाळ आहे. चरक आजोबांच्या वेळचा, आधी बैलांवर चालायचा, मग इंजिनावर, आता मोटारीवर. तो म्हणाला, "काका, चिपाडात रस राहतोय. दाबाचा स्क्रू घट्ट बसत नाही, फिरवला की नुसता सरकतोय."

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना कळेल की हे किती अडचणीचं आहे. चरकाच्या लाटा एकमेकींवर दाबून धरायला बिडाच्या सांगाड्यातून जाडजूड स्क्रू असतात. त्यांतला एक सैल झाला की लाट मागे सरकते, रस पुरता निघत नाही. नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. तेच चिपाड वाळवून चुलवाणाला लावायचं असतं. ओलं चिपाड लवकर वाळत नाही आणि धड जळतही नाही. म्हणजे इकडे रस कमी आणि तिकडे काहिलीखाली जाळ कमी. ऊस तर तोडून दारात पडलेला. तोडलेला ऊस दिवसागणिक वाळतो आणि गुळाचा उतारा घटत जातो.

मी गेलो. स्क्रू काढून पाहिला तर त्याचे आटे झिजून सुरीच्या धारेसारखे झालेले. सांगाड्यातल्या भोकाचे पहिले चार आटे खलास, आतले बरे, पण गंजानं भरलेले. व्यास पाऊण इंच. आट्यांवर पट्टी धरून मोजलं तर एका इंचात आठ आटे. इथे मी थबकलो.

कारण पाऊण इंची बोल्टाला इंचात दहा आटे असतात. हे माप इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली घालून दिलं. त्याच्या आधी प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असायचा. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसायचा नाही. व्हिटवर्थनं ठरवलं की आट्याचा कोन ५५ अंश, पाव इंचाला इंचात २० आटे, अर्ध्या इंचाला १२, पाऊण इंचाला १०, एक इंचाला ८. आपल्याकडे पुढे मेट्रिक पद्धत आली, तिचा कोन ६० अंश आणि मापं मिलिमीटरमध्ये. तरी जुन्या बाजारात व्हिटवर्थ अजून मिळतो. पण पाऊण इंचाला आठ हे माप कुणाच्याच तक्त्यात बसत नाही. त्या चरकाचा सांगाडा ज्या कुण्या फौंड्रीवाल्यानं ओतला, त्यानं आपल्या मनानं जाड आटा घातला होता. त्याच्या दृष्टीनं त्यात चूक काही नव्हती. जाड आटा बिडात चांगला टिकतो. फक्त ते त्याचं घरचं माप होतं, आणि तो फौंड्रीवाला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली.

"मोठं भोक पाडा आणि नेहमीचा इंची आटा काढा," असं कुणीही सुचवेल. मीही तोच विचार केला. पण सांगाड्याच्या त्या कानाला आधीच एक बारीक तडा होता. आणखी लोखंड काढलं असतं तर दाबाबरोबर कान उडाला असता आणि चरक खरोखरच भंगारात गेला असता. आहे तोच आटा साफ करणं आणि त्याला नवा स्क्रू करणं, एवढाच मार्ग होता. त्यासाठी हवा पाऊण इंच, आठ आट्यांचा टॅप.

तेवढ्यात माझा चुलतभाऊ, तात्या, सहज म्हणाला, "अरे, अण्णांनी याच्यासाठी एक हत्यार केलं होतं की. मागं असंच झालं तेव्हा त्यांनीच येऊन आटा साफ केला होता. तुमच्या माळ्यावर असेल बघ."

मी काही बोललो नाही. पेटीतले ते न जुळणारे आकडे माझ्या डोळ्यांपुढे आले. दुकानात जे मिळतं ते अण्णा कशाला करत बसतील? त्या पेटीत होतं ते सगळं न मिळणारं होतं. गावोगावच्या चरकांची, मोटांची, पंपांची घरची मापं त्यांनी त्या पेटीत साठवून ठेवली होती आणि मी ती वजनावर विकली होती.

रात्री साताऱ्याला परतलो आणि लेथ सुरू केला.

टॅप करणं हे ऐकायला वाटतं तेवढं अवघड नाही. त्याला सिल्व्हर स्टील नावाचं पोलाद लागतं, ज्यात साधारण एक टक्का कार्बन असतो. कार्बनमुळे ते तापवून विझवल्यावर कडक होतं. नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते, नुसती चकाकी असते. सळई पाऊण इंचाला, म्हणजे १९.०५ मिलिमीटरला कातली. माझ्या लेथचा लीड स्क्रू, म्हणजे टूलला ओढत नेणारा लांब स्क्रू, तोही इंचाला आठ आट्यांचाच आहे. त्यामुळे गिअर एकास एक लावले की झालं. वर आणखी एक सोय अशी की हाफ नट कुठेही टाकला तरी टूल बरोबर आधीच्याच खाचेत येतं. ५५ अंशांचं टूल घासून घेतलं आणि हळूहळू दोन मिलिमीटर खोल आटा काढला.

मग पुढचे सहा आटे निमुळते कातले. हा टॅपमधला टेपर फार महत्त्वाचा. तो नसेल तर पहिल्याच दाताला सगळा आटा एकट्यानं कापावा लागेल. टेपरमुळे काम वाटलं जातं. पहिला दात थोडं कापतो, दुसरा आणखी थोडं, आणि शेवटचा नुसता हात फिरवतो.

कापलेला कचरा बाहेर पडायला उभ्या खाचा लागतात. मिलिंग मशीन घरी कुणाकडे असणार? मी चार-जबडी चकचा उपयोग केला. एका जबड्याखाली बेडवर लाकडाचा ठोकळा ठेवला की चक फिरत नाही. टूल आडवं धरून सॅडल हातानं पुढे-मागे ओढायचं. सुताराचा रंधा चालतो तसं. एक खाच झाली की पुढचा जबडा ठोकळ्यावर आणायचा, म्हणजे बरोबर काटकोन. चार जबडे, चार खाचा. मग प्रत्येक दाताची मागची बाजू त्रिकोणी कानशीनं किंचित घासून घेतली, नाहीतर टॅप कापत नाही, नुसता घासत जातो. दांड्याला पान्हा धरायला चौकोन केला.

इथवर सगळं ठीक होतं. आता राहिलं पाणी. हत्याराला पाणी देणं म्हणजे ते लाल करून विझवणं. पोलाद किती तापलं हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. सुमारे ७७० अंशांच्या पुढे लोखंडाला लोहचुंबक चिकटत नाही. चुंबक सुटला की आणखी थोडं तापवायचं आणि सरळ उभं पाण्यात बुडवायचं. तसं केलं. कानस लावून पाहिली तर कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. टॅप कडक झाला होता.

आता त्याचा ठिसूळपणा काढायला तो पुन्हा मंद तापवायचा असतो, जवळजवळ २३० अंशांपर्यंत. हे मला ठाऊक होतं. पण कारखान्यात त्याला वेगळं खातं होतं. चौतीस वर्षांत ते काम मी स्वतःच्या हातानं एकदाही केलं नव्हतं. त्यात पहाटेचे चार वाजलेले. तिकडे ऊस दारात पडलेला. मनाशी म्हटलं, आटे साफच तर करायचेत, नवे थोडेच काढायचेत. तसाच टॅप पिशवीत टाकला आणि सकाळची गाडी पकडली.

तिसऱ्या फेऱ्याला 'कट' असा आवाज आला. ज्यांनी तो ऐकलाय त्यांना तो विसरता येत नाही. दोन दात उडाले, टॅपला उभी चीर गेली आणि तो भोकात अडकून बसला. पुतण्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर वळवली. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं. अडकलेले तुकडे बारीक छिन्नीनं एकेक टिपून काढायला दीड दिवस लागला, कारण कडक टॅपला ड्रिल लागत नाही आणि जोर करावा तर तडा गेलेला कान. तेवढ्यात दोन शेतकऱ्यांनी आपला ऊस उचलून दुसऱ्या गुऱ्हाळावर नेला. गाडीभाडं पुतण्यानं स्वतःच्या खिशातून दिलं. ती रक्कम त्यानं मला अजून सांगितलेली नाही.

गावातले लोहारमामा ते तुकडे बघायला आले. एक तुकडा त्यांनी नखावर घासला, मोडलेली कड उन्हात धरली आणि म्हणाले, "पाणी दिलंत, पण उतरवलं नाहीत. घाई होती जणू."

दुसरा टॅप मी पुन्हा साताऱ्यात कातला. लेथचे गिअर आणि टूल तसेच होते. पण या वेळी तो पाण्यासाठी लोहारमामांच्या भट्टीवर आणला. विझवल्यावर त्यांनी तो पॉलिश पेपरनं लखलखीत करायला लावला आणि दांड्याच्या बाजूनं मंद तापवायला घेतला. चकचकीत पोलादावर रंग सरकत येताना मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, त्याच्यामागून मधासारखा तांबूस, मग जांभळा, आणि दांड्याकडे मोरपिसासारखा निळा. पिवळा रंग दातांपाशी पोचला तेव्हा मामांनी टॅप पाण्यात टाकला. दात कडक राहिले, दांडा मात्र चिवट झाला. पुस्तकात हे दोन ओळींत असतं. त्या दिवशी मला ते बासष्टाव्या वर्षी कळलं.

तो टॅप तेल लावून, अर्धा फेरा पुढे आणि पाव फेरा मागे असा फिरवत भोकातून पार नेला. गंज आणि बिडाची काळी भुकटी बाहेर आली. नवा स्क्रू मी त्याच गिअरवर, त्याच टूलनं कातून आणला होता, फक्त टॅपपेक्षा केसभर बारीक. तो हातानं फिरवला आणि तळापर्यंत गेला. दुपारी चरक सुरू झाला. तात्यानं चिपाडाची मूठ पिळून पाहिली, हात कोरडा राहिला, आणि त्यानं मान हलवली. एवढंच.

या कामातून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. टॅप आणि स्क्रू मी एकाच मांडणीवर केले होते, म्हणून ते जुळले. माझ्या लेथमध्ये एखादी बारीक चूक असेलही, पण ती दोघांत सारखीच होती. घरच्या मापात माप किती हा प्रश्न दुसरा. जोडी जुळते का, हा पहिला.

हेच मला पुढे २०१९ साली मिरजेच्या एका कारागिरानं वेगळ्या भाषेत सांगितलं. मिरजेची तंतुवाद्यं तुम्हाला माहीत आहेत. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ही वाद्यं करणारी बरीच घराणी मुळात शिकलगारांची. तलवारींना धार लावणारे हात एकोणिसाव्या शतकात तारांकडे वळले. तर सतारमेकर गल्लीतले एक वयस्क कारागीर कुणाच्या तरी ओळखीनं माझ्याकडे आले. हातात एका जुन्या तंबोऱ्याची खुंटी. म्हणाले, "भोक झिजून लांबट झालंय. खुंटी धरत नाही, तार उतरते. याला बसेल असा रीमर करून द्याल?"

तंबोऱ्याची खुंटी म्हणजे टेपरचा उत्तम नमुना. तिला आटे नाहीत, नट नाही, खिळा नाही. केवळ निमुळती खुंटी निमुळत्या भोकात दाबून बसते आणि तारेचा ताण धरून ठेवते. निमुळतेपणा जास्त झाला तर खुंटी मागे सुटते, कमी झाला तर भोकात रुतते. आणि भोकाचा कोन वेगळा असेल तर ती एकाच कडेवर टेकते आणि डुगडुगते.

मी कोन विचारला. ते हसले. "अंश मला नका विचारू. भोक आणि खुंटी एकमेकांची असली म्हणजे झालं."

मी खुंटीच्या दोन टोकांचे व्यास मोजले. त्यांच्यातल्या फरकाला मधल्या अंतरानं भागलं की निमुळतेपणा मिळतो. त्याच्या निम्म्यावर लेथची वरची स्लाइड तिरकी केली. निम्म्यावर अशासाठी की टूल एका बाजूनं कापतं आणि कामाचा तुकडा फिरत असल्यानं दोन्ही बाजू कमी होतात. नवखा माणूस इथे हमखास चुकतो. दुसरी काळजी म्हणजे टूलचं टोक नेमकं मध्याच्या उंचीवर हवं. ते वर किंवा खाली असेल तर टेपर सरळ न येता किंचित कमरेत बारीक येतो, आणि डोळ्याला तो दिसतही नाही. सिल्व्हर स्टीलचा टेपर कातला, कानशीनं निम्मा घासून काढला. तुकडा आडवा पाहिला तर अर्धचंद्र दिसतो. पाणी दिलं आणि आठवणीनं उतरवलंही. झाला रीमर. मग स्लाइड जराही न हलवता शिसवीची नवी खुंटी कातली. भोक रीमरनं गोल करून खुंटी बसवली, जराशी खडूची पूड लावली, तार चढवली. त्यांनी तंबोरा बराच वेळ कानाशी धरला. तार उतरली नाही.

पण सगळीच मापं घरची असून चालत नाहीत. लेथच्या टेलस्टॉकमध्ये जे काही बसवायचं, त्याचा टेपर जगाशी जुळावा लागतो. त्याला मोर्स टेपर म्हणतात. अमेरिकेतल्या स्टीफन मोर्स यांच्या नावावरून तो रूढ झाला. माझ्या लेथला दोन नंबरचा लागतो. तोंडाशी १७.७८ मिलिमीटर आणि दर २० मिलिमीटरला साधारण एक मिलिमीटर कमी. एवढा बारीक निमुळतेपणा असला की तो घर्षणानंच घट्ट धरतो.

डाय हातात धरून फिरवला तर तो कलतो आणि आटा तिरका उतरतो. म्हणून मी टेलस्टॉकमध्ये बसणारा डायचा धारक केला. एक दांडा, त्याच्या मागे मोर्स टेपर, आणि दांड्यावर मागे-पुढे सरकणारी नळी. नळीच्या तोंडात डाय बसतो. डाय आपोआप सरळ राहतो आणि आटे पडतील तशी नळी पुढे सरकत जाते. हे साधंसं साधन आहे, पण घरच्या लेथवर काम करणाऱ्यानं सर्वांत आधी तेच करावं असं मी म्हणेन.

त्याचा टेपर कातताना स्लाइडवरच्या अंशांच्या रेघांवर विसंबून चालत नाही. निम्मा कोन एक अंश सव्वीस मिनिटांच्या आसपास येतो. ती मिनिटं त्या पट्टीवर दिसत नाहीत. म्हणून बाजारातला चांगला टेपर असलेला दांडा दोन सेंटरांमध्ये धरायचा, टूल पोस्टला डायल लावायचा आणि स्लाइड चालवत काटा हलायचा थांबेपर्यंत कोन बदलत राहायचा. काटा स्थिर राहिला म्हणजे तुमची स्लाइड जगाच्या मापाला लागली. कातून झाल्यावर त्यावर पेन्सिलीच्या तीन उभ्या रेघा ओढायच्या, भोकात घालून जरा पिळायचं आणि काढून बघायचं. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या तर टेपर बसला. एकाच टोकाला पुसल्या तर पुन्हा लेथवर. माझा तिसऱ्या खेपेला बसला.

तर त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर असं. जगाच्या मापाचा टॅप खुशाल फोनवरून मागव. मीही मागवतो. व्हिटवर्थनं आणि त्याच्यानंतरच्या लोकांनी एवढा खटाटोप केला तो यासाठीच, की साताऱ्याचा नट जगातल्या कुठल्याही बोल्टाला बसावा. घरी करायचा तो न मिळणारा. ज्याचा करणारा गेला, तक्ता हरवला, पण ज्याच्यावर अजून कुणाचं तरी गुऱ्हाळ चाललंय किंवा कुणाची तरी तार चढलेली आहे, तो. अशी कामं नफ्याची नसतात, म्हणून कुणी कारखाना ती करत नाही. ती कुणाच्या तरी मागच्या पडवीतच होणार. आणि तिथं होईनाशी झाली की चांगली चालती वस्तू एका आट्यापायी भंगारात जाणार.

माझ्याकडे आता पत्र्याची नवी पेटी आहे. त्यात अकरा नग आहेत. चरकाचा तो टॅप आहे, खुंटीचा रीमर आहे. अण्णा दांड्यावर नुसते आकडे मारायचे, कारण त्यांना सगळं पाठ होतं. मी आकड्याबरोबर एक वहीही ठेवली आहे. कुठल्या गावचं कुठलं यंत्र, व्यास किती, इंचाला आटे किती, कोन किती, लेथला कुठले गिअर लावले, सगळं लिहून ठेवलंय. पहिला मोडलेला टॅपही ठेवलाय, आणि त्याच्यापुढे "पाणी उतरवलं नाही" असं लिहिलंय.

तो शेजारचा मुलगा परवा पुन्हा आला होता. या वेळी त्यानं काही विचारलं नाही. वही उघडून वाचत बसला. मग म्हणाला, "आजोबा, यातलं एखादं मी करून बघू का?" मी त्याला पॉलिश पेपर दिला. रंग सरकताना बघायचे असतील तर आधी पोलाद चकचकीत करावं लागतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)